चार बोटं पुढे

४ फेब्रुवारी

भावोजी,

नमस्कार-चमत्कार मागाहून. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. फोन उचलावा लागतो. पत्र दाराच्या फटीतून आपलं आपण आत येतं, त्याला तुमची परवानगी लागत नाही. मी स्वतः टाइप केलंय. हॉस्पिटलात डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकून टाइप करण्यात माझी बारा वर्षं गेली, त्यामुळे चुका फारशा नसतील, आणि असल्याच तर त्यापायी कुणी दगावणार नाही.

घरात शर्यतीचं नाव कुणी काढत नाही. सासूबाई तर माझ्यासमोर भांडीसुद्धा हळू ठेवतात, जणू घरात कुणी गेलंय. म्हणून मीच एकदा सगळं लिहून काढते, आमच्या अहवालांच्या पद्धतीने. रुग्ण: बाई, वय चौतीस, जन्मापासून दृष्टी नाही. अंतिम शर्यत पंधराशे मीटर, म्हणजे पावणेचार फेऱ्या. सोबत गाईड म्हणून सख्खा धाकटा दीर. हातभर दोरीचं एक टोक तिच्या बोटांत, दुसरं त्याच्या. वेळ पाच मिनिटं अठरा सेकंद. निकाल: तिसरी. सात मिनिटांनी निकाल फिरला. धावणारीच्या आधी गाईडने रेषा ओलांडायची नाही असा नियम आहे, आणि फोटोत गाईडची छाती चार बोटं पुढे आली होती. दोघंही बाद, पदक चौथीला. कारण: गाईडचा पाय घसरला. पुढच्याच आठवड्यात गाईडने परगावी लिफ्ट बसवायचं काम घेतलं आणि तो पसार झाला. अहवाल समाप्त.

आता रुग्णाची आजची स्थिती. पावणेपाचला जाग येते. चार वर्षं त्या वेळेला उठलेल्या शरीराला कोण सांगणार की आता काम नाही? उठते, बूट घालते, नाड्या बांधते आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहते. आतून अगदी रिकामं वाटतं, भावोजी. चार वर्षं एका दिवसावर डोळे लावून (हसू नका) बसले आणि तो दिवस पाच मिनिटांत संपला. पदक मिळालं असतं तरी हे रिकामपण आलंच असतं असं आमच्या कोचबाई म्हणतात. असेल. पण पदक खिशात घालून रिकामं बसणं वेगळं आणि हे वेगळं.

मी रडले. दहा दिवस रडले, लपवत नाही. हॉस्पिटलात कानाला यंत्र लावून, दुसऱ्यांची हाडं मोडल्याचे अहवाल टाइप करता करता रडले. मग शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे गं, तू भाग घेतलास हेच मोठं." मी विचारलं, "काकू, तुमचा लेक नापास झाला तेव्हा त्यालाही हेच म्हणाला होतात का?" तेव्हापासून काकू फिरकलेल्या नाहीत आणि माझं रडूही थांबलंय. आता नुसता राग आहे, आणि रागात मी चांगली धावते.

तर मुद्द्याचं. पुढची निवड चाचणी २० एप्रिलला आहे. फॉर्म ३१ मार्चच्या आत गेला पाहिजे. त्यावर गाईडची सही लागते. सहीशिवाय फॉर्म घेत नाहीत, आणि फॉर्म गेला नाही तर पुढची दोन वर्षं माझ्यासाठी मैदानाचं दार बंद. तोवर मी छत्तीसची होईन. कधी येताय ते कळवा.

लोभ असो नसो, उत्तर असावं.

तुमची वहिनी


१६ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. एकही चूक सापडली नाही, त्यामुळे उत्तर लांबवायला सबब उरली नाही. (दादा, हे तू तिला वाचून दाखवणार, तेव्हा मधे मधे स्वतःचे शेरे घालू नकोस. मागच्या वेळी माझ्या पत्रात मी न लिहिलेल्या दोन शिव्या होत्या असं कळलं.)

इथे कामाचं पाणी डोक्यावरून चाललंय. अकरा मजली इमारत, दोन लिफ्ट. विहिरीसारखा उभा खड्डा, त्यात वरपासून खालपर्यंत लोखंडी रूळ अगदी सरळ बसवायचे. सुताएवढा फरक पडला तरी लिफ्ट खडखडते आणि लोक म्हणतात मेकॅनिक दारू पिऊन आला होता. बाकी बरं आहे. खोली लहान आहे, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. जेवण खालच्या खाणावळीत. तिथला आचारी मिठाशी भांडून बसलाय.

फॉर्मचं म्हणशील तर मी येत नाही. सरळ सांगतो. घसरलो तो घसरलो. एकदा घसरलेला माणूस पुन्हा घसरणार नाही याची खात्री काय? तुझं पदक माझ्या पायाने गेलं, आता दुसरं घालवायला मी तयार नाही. तू मोठ्या मनाची आहेस, म्हणून बोलावतेस. मी लहान मनाचा आहे, मला ते झेपत नाही.

तुमच्याच पोस्टात तो आहे ना, माझ्या वर्गातला, आम्ही ज्याला पोस्टमास्तर म्हणायचो? तो अजून रोज दहा किलोमीटर पळतो. स्वभावाने गाय. मी त्याच्याशी बोललोय, तो तयार आहे. त्याच्याबरोबर चार दिवस पळून बघ. मी माझे बूट इथल्या वॉचमनला देऊन टाकले. त्याला एक नंबर मोठे होतात, पण दोन मोजे घालून घालतो.

आईला सांग, मी वेळेवर जेवतो. खोटं आहे, पण सांग.

तुझा (माजी) गाईड


१ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र तुमच्या दादांनी वाचून दाखवलं. शिव्या या वेळी तीन होत्या, आणि तिन्ही तुम्हाला शोभणाऱ्या होत्या.

तुमचे पोस्टमास्तर आले. गायच आहेत, अगदी दावणीची. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, सावकाश हं. घाई नाही." शर्यतीत घाई नाही! दोरी अशी धरली होती की जणू दुसऱ्या टोकाला काचेची बरणी बांधलीय. वळण आलं की बिचारे थांबायचे. मी त्यांच्या अंगावर आदळायची आणि क्षमा तेच मागायचे. तिसऱ्या दिवशी मी वेग वाढवला तर ओरडले, "ताई, पडाल!" मी म्हटलं, "पडेन की. तुम्हाला काय त्रास आहे? गुडघे माझेच आहेत." चौथ्या दिवशी त्यांच्या पाठीत उसण भरली. खरी होती की खोटी ते विचारलं नाही. पाठवणी गोडीगुलाबीने झाली.

आता मी गच्चीवर धावते. कपडे वाळत घालायची तार आहे ना, ती दादांकडून कडक ताणून घेतली. तिच्यात एक पितळी कडी अडकवलीय. कडी मुठीत धरायची आणि पळायचं. इकडून तिकडे बावीस पावलं, तिकडून इकडे बावीस. दोन्ही टोकांना जुनी गादी बांधलीय, म्हणजे थांबायला उशीर झाला तर डोकं फुटत नाही. काल अशा दोनशे फेऱ्या मारल्या. मधेच सासूबाईंनी ओली साडी टाकून ठेवली होती, ती माझ्या तोंडावर अशी बसली की वाटलं कुणी थोबाडीत मारली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तार कपड्यांसाठी असते." मी म्हटलं, "आई, आधी माझा सराव संपू दे, मग कपडे." त्यांनी आता कपडे वाळवायला खिडकीच्या गजांना दोरी बांधलीय. तक्रार केली नाही हं, बाई खरंच चांगली आहे.

पण गच्चीला वळण नाही, भावोजी. आणि बावीस पावलांत पाय सुटेपर्यंत थांबायची वेळ येते. मला चारशे मीटरची फेरी हवी. माणूस हवा. कडी नको.

आता एक प्रश्न. आमच्या डॉक्टरांकडे कुणी "पडलो" म्हणून आला की ते तीन गोष्टी विचारतात: कुठे, कसे, कोणत्या पायावर. मी हजारो वेळा टाइप केलंय. तुम्ही कोणत्या पायावर घसरलात? डाव्या की उजव्या? आणि घसरलेला माणूस सहसा मागे नाहीतर बाजूला जातो. तुम्ही पुढे कसे गेलात?

हे पत्र दादा घरी नसताना टाइप केलंय आणि पेटीत स्वतः जाऊन टाकलंय. पोस्टापर्यंत एकशे चाळीस पावलं, मोजून घ्या.

वहिनी


१२ मार्च

भावोजी,

अकरा दिवस झाले. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पाहिले होते, तुम्ही तर ताकालाही जायला तयार नाही. एकोणीस दिवस उरलेत.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

हे पत्र बोटांनी वाच. दादाला देऊ नकोस. ब्रेलची पाटी आणि टोचणी इथल्या अंधशाळेतून मागून आणली. तू शिकवलेलं निम्मं विसरलो होतो. उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटवून डावीकडून उजवीकडे वाचायचं, या उलटापालटीत सात कागद फुकट गेले. नऊ दिवस लागले. म्हणून थोडक्यात.

मी घसरलो नाही.

शेवटचे वीस मीटर होते. पुढच्या दोघी गेल्या होत्या, मागची बरीच मागे होती. तिसरी जागा आपली झाली हे मला दिसत होतं. तेवढ्यात समोर रेषा दिसली. मी चौदा वर्षं पळालो, वहिनी. एकदाही अंतिम फेरीत गेलो नाही. भरलेलं मैदान कधी ऐकलं नव्हतं. दोन हजार माणसं ओरडत होती. शर्यत कुणाची आहे ते मी विसरलो असं म्हणणार होतो, पण तेही खोटं. विसरलो नव्हतो. तू शेजारी आहेस हे माहीत होतं. तरी मी छाती पुढे काढली. तुझ्या आधी पोहोचावं म्हणून काढली. मला एकदा, एकदाच, कुणाच्या तरी पुढे रेषा ओलांडायची होती.

आणि ओलांडली तर कुणाच्या पुढे? तुझ्या. आरशात बघायची लाज वाटते.

नंतर कुणीतरी म्हणालं, पाय घसरला असेल. मी मान हलवली. तेव्हापासून ते खोटं पांघरून बसलोय.

म्हणून सही करत नाही. गाईड म्हणजे स्वतः नसलेला माणूस. मी तसा नाही हे कळलं. तू दुसरा बघ. दादाला हे सांगू नकोस. तो मला मारणार नाही, नुसता गप्प बसेल, आणि ते मला सोसायचं नाही.

बोटं दुखली. थांबतो.


२४ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र काल दुपारी हॉस्पिटलात वाचलं. टेबलाखाली, मांडीवर ठेवून, शाळेत चोरून वाचतात तसं. तुमच्या टोचणीचं बळ एवढं की निम्मी अक्षरं कागदाच्या पार गेलीत. पण सगळं वाचता आलं. तीनदा वाचलं.

आता माझी पाळी. मलाही कबूल करायचंय.

मला माहीत होतं.

चार वर्षांत आपल्या मधली दोरी एकदाही ताणली गेली नव्हती. ती सैल असते आणि तुमच्या हाताची चाल तिच्यातून माझ्या बोटांत येते. तुम्हाला खोकला येणार हे मला तुमच्या आधी कळायचं. त्या दिवशी शेवटच्या चार पावलांत ती पुढे ताणली गेली आणि तुमचा श्वास बदलला. घसरलेल्या माणसाचा श्वास तुटतो. तुमचा तुटला नाही, लांब झाला. तो जिंकायला निघालेल्याचा श्वास होता. रोज माझ्या स्वतःच्या छातीत ऐकते, ओळखणार नाही का?

आणि "पाय घसरला असेल" असं म्हणणारं ते "कुणीतरी" मी होते. तुमच्या कानांत तेव्हा काही शिरत नव्हतं, म्हणून आवाज ओळखता आला नाही. पंचबाईंनी विचारलं, काय झालं? तुमच्या तोंडून शब्द फुटेना. शेजारी दादा उभे, सासूबाई उभ्या. मला वाटलं, यांची लाज राखावी. म्हणून ती पळवाट मीच काढून दिली. म्हणजे तुम्हाला सांभाळून घेतलं. लोक मला सांभाळून घेतात तेव्हा माझ्या डोक्यात कशी तिडीक जाते हे तुम्ही चार वर्षं पाहिलंय, आणि मी तुमच्याशी तेच केलं. ही माझी चूक. तिची क्षमा मागते, एकदाच, पुन्हा मागणार नाही.

आता तुमच्या चुकीचं. पदक गेलं त्याचा राग आहे का? आहे. भरपूर आहे. ते माझं होतं, पाच मिनिटं अठरा सेकंद मी ते पायांनी कमावलं होतं. तुम्ही रडून, लपून, बूट वाटून ते परत येणार नाही, म्हणून ते सगळं बंद करा. पण माझा खरा राग दुसराच आहे. पदक तुम्ही चार पावलांत घालवलंत. माझं धावणं मात्र सात आठवडे कुलपात ठेवलंत. तुमची लाज तुमची, तिच्यापायी माझ्या पायांनी का उपाशी राहायचं? हा अन्याय मी सोसणार नाही.

आणि आता जे लिहिते ते दादांनाही सांगितलेलं नाही.

मला आयुष्यात कधी कुणा डोळसाने हरवायला पाहिलं नाही. लहानपणी खेळात माझ्यावर राज्य यायचं नाही. मुलं हळूच बाजूला व्हायची आणि म्हणायची, "हिला सोडा." शाळेत बक्षीस मिळालं तर बाई म्हणायच्या, "बिचारी, किती हुशार." लग्नात बायका तुमच्या दादांची पाठ थोपटत होत्या, जणू त्यांनी नदीत उडी मारून कुणाला तरी बाहेर काढलंय. मैदानावरसुद्धा लोक तुम्हालाच म्हणायचे, "काय छान पळवता हो तिला." पळवता! जणू मी पतंग आहे. चौतीस वर्षं सगळे माझ्या मागे हात पसरून उभे आहेत, मी पडेन तेव्हा झेलायला. प्रेमाने उभे आहेत, मान्य. पण पुढे कुणी नाही.

आणि त्या चार पावलांत, भावोजी, माझ्या शेजारी एक धावपटू होता. मला न सांभाळणारा. माझ्या पुढे जायला जिवाच्या आकांताने धडपडणारा. पंचांनी बाद केलं तेव्हा मी रडले, पण त्याच्या आधी, ती दोरी ताणली गेली तेव्हा, पहिल्यांदा वाटलं की मी शर्यतीत आहे. तुमचं पत्र आलं आणि कळलं की मला त्या दिवशी तसं वाटलं ते खोटं नव्हतं. म्हणून तीनदा वाचलं.

"गाईड म्हणजे स्वतः नसलेला माणूस" असं तुम्ही टोचलंय. साफ चूक. तो पोस्टमास्तर स्वतः नव्हता, त्याच्याबरोबर माझा वेग मिनिटभराने पडला. मला जिंकायची भूक असलेला माणूसच शेजारी हवा. ती भूक रेषेच्या एक वीत अलीकडे गिळायची, एवढंच शिकायचंय, आणि तेही गिळून होत नसेल तर मी तुमच्यापेक्षा जोरात धावेन, मग प्रश्नच मिटला. सरावाच्या वेळी दर रविवारी शेवटचे शंभर मीटर आपण खरे पळायचे. तुम्ही मला हरवायचं, मी तुम्हाला. कुणी कुणाला सोडायचं नाही.

दादांना मी सांगणार नाही. तुम्ही सांगाल. ते गप्प बसतील, हो. ते माझ्यावर रागावले की मलाही तो गप्पपणा सोसावा लागतो, दोन दिवसांत ओसरतो. तुम्ही काही मोठे लागून गेला नाहीत.

फॉर्म पोस्टाने पाठवत नाही, तुम्ही तो गादीखाली सरकवाल. मी स्वतः येतेय. शनिवारी, २८ तारखेला, सकाळी सहाच्या बसने, एकटी. सासूबाई "एकटी कशी जाशील" म्हणाल्या, त्यांना म्हटलं, बसून. साडेदहाला तुमच्या गावच्या स्टँडवर उतरेन. आणि आता यापुढे अरे-तुरे करणार आहे, कारण वहिनी म्हणून सांगायचं ते सांगून झालं, हे एका धावणारीचं दुसऱ्याला आहे.

स्टँडवर ये. पेन आण. सही केलीस तर दुपारच्या बसने दोघं परत येऊ, रविवारी सकाळी मैदानावर. नाही केलीस तर मी तिथेच, भर स्टँडवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात तुला विचारणार आहे की एका आंधळ्या बाईला हरवायला निघालास, तर चार बोटांवरच का थांबलास?

वहिनी